जाणारा खेळाडू आणि मागे राहिलेले आपण
(गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विषय रग्बी आहे असं जाहीर झालं, तेव्हा पुढच्या रांगेतल्या दोघांनी घड्याळाकडे पाहिलं, ते आम्हाला इथून दिसलं. बडोद्यात बोलायचं तर क्रिकेटवर बोलावं, हे आम्हालाही कळतं. तेही येईल. पण आधी रग्बी, कारण जे सांगायचंय ते आम्हाला तिथं उमगलं.

2023 साली आम्ही दोघं मुलाकडे न्यूझीलंडला, क्राइस्टचर्चला काही महिने राहिलो. 22 फेब्रुवारी 2011 च्या भूकंपात या गावातली 185 माणसं गेली. रग्बीचं जुनं मैदान, लँकेस्टर पार्क, इतकं खचलं की तिथं पुन्हा मोठा सामना झालाच नाही. गावाचा संघ क्रुसेडर्स. तो पुढं अ‍ॅडिंग्टन भागातल्या तात्पुरत्या मैदानावर खेळू लागला. पडलेल्या गावाला मान वर करायला त्या संघानं किती आधार दिला, हे तिथल्या कुणालाही विचारा. लाल-काळे शर्ट घालून लोक सामन्याला असे निघतात, जसे आपण विसर्जनाला.

आम्ही पोचलो तेव्हा घरोघरी एकच विषय होता. रिची मोउंगा जपानला निघालाय.

ज्यांना रग्बी ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. एका संघात पंधरा जण, आणि त्यातला दहा नंबरचा माणूस म्हणजे संघाचं डोकं. चेंडू हातात आल्यावर तो पळायचं, दुसऱ्याला द्यायचा की लाथेनं लांब उडवायचा, हे तो क्षणात ठरवतो. बऱ्याचदा गोलाच्या दांड्यांमधून चेंडू मारून गुण मिळवायचं कामही त्याचंच. मोउंगा हा क्रुसेडर्सचा दहा नंबर. त्याच गावात वाढलेला. 2017 ते 2023 सलग सात वर्षं संघानं विजेतेपद घेतलं, आणि त्या सगळ्या काळात दहा नंबरचा कणा हाच. त्यानं टोकियोच्या तोशिबा ब्रेव्ह लुपस या क्लबाशी करार केला होता. विश्वचषक झाला की जाणार.

शेजारच्या आजोबांनी आम्हाला कुंपणावरून विचारलं, “वय अवघं अठ्ठावीस. आत्ता जातं का कुणी?” मंडईत एक बाई म्हणाल्या, “आम्ही वाढवला, जपान खाणार.” मुलाच्या कचेरीतला एक जण मात्र शांतपणे म्हणाला, “गुडघा गेला की कोण विचारतं? चार पैसे मिळतायत तोवर जाऊ दे.” रग्बीत धडका फार. तिशीच्या थोडं पुढं गेलं की शरीर जाब विचारतं. जपानी क्लबांच्या मागं मोठमोठे कारखाने उभे आहेत. तिथल्या पगाराशी पन्नास लाख वस्तीच्या देशाचं बोर्ड बरोबरी कशी करणार?

लोकांच्या रागाला आणखी एक कारण होतं. न्यूझीलंडचा नियम असा की ज्याचा करार देशातल्या बोर्डाशी आहे, त्यालाच राष्ट्रीय संघात घ्यायचं. म्हणजे जो परदेशी क्लबात गेला, त्याला तो तिथं असेपर्यंत काळा शर्ट नाही. मोउंगा गावालाच नव्हे, देशालाही मुकणार होता. किंवा देश त्याला.

आम्हाला सुरुवातीला हा नियम कठोर वाटला. मग त्यामागची भीती कळली. दार उघडं ठेवलं तर चांगले सगळेच जातील, देशातले सामने ओस पडतील, आणि लहान मुलं कुणाकडे बघून खेळणार? ही भीती खोटी नाही. शेजारच्या सामोआ, टोंगा, फिजी या बेटांचं तेच झालंय. उत्तम पोरं बाहेर, आणि कितीतरी तर न्यूझीलंडमध्येच. आता गंमत बघा. मोउंगाच्या घराण्याची मुळं सामोआ आणि टोंगाची. कुणीतरी आपलं बेट सोडून आलं, म्हणून क्राइस्टचर्चला तो मिळाला. शेजारच्या आजोबांना आम्ही हे सांगितलं. ते हसले, पण त्यांचा राग काही गेला नाही. राग असा हिशेबानं जात नाही.

जूनमध्ये हॅमिल्टनला अंतिम सामना झाला. क्रुसेडर्सनी चीफ्सना 25-20 असं हरवलं. आम्ही घरी बसून पाहिला. नातवाच्या अंगावर दहा नंबरचा शर्ट होता. सामना संपल्यावर त्यानं विचारलं, “आता हा शर्ट कुणाचा?” कुणालाच उत्तर सुचलं नाही.

विश्वचषकाचा अंतिम सामना 28 ऑक्टोबरला पॅरिसजवळ झाला. तोवर आम्ही बडोद्याला परतलो होतो. मध्यरात्र उलटून गेली तरी दोघं टीव्हीसमोर. पूर्वार्धातच न्यूझीलंडच्या कर्णधाराला लाल कार्ड. चौदा जण उरले, तरी लढले. उत्तरार्धात बोडन बॅरेटनं ट्राय केला आणि फरक एका गुणावर आला. त्यावर जादा दोन गुणांसाठी मोउंगानं बाजूच्या रेषेजवळून चेंडू मारला. हुकला. थोड्या वेळानं जॉर्डी बॅरेटचाही लांबचा फटका हुकला. दक्षिण आफ्रिका 12, न्यूझीलंड 11.

आणि आता नियमाची दुसरी बाजू. आफ्रिकेचे बाराही गुण हँड्रे पोलार्डचे. तो तेव्हा इंग्लंडमध्ये लेस्टरकडून खेळत होता. सामन्याचा मानकरी पीटर-स्टेफ डु टॉय जपानात टोयोटाच्या संघात. आफ्रिकेनं 2019 मध्येच बाहेर खेळणाऱ्यांवरची अट काढून टाकली होती. पोरं जगभर कमावतात आणि देशानं हाक मारली की येतात. ऑस्ट्रेलियानंही 2015 मध्ये मॅट गिटो आणि ड्रू मिचेल यांच्यासाठी दार किलकिलं केलं, आणि त्या वर्षी ते अंतिम फेरीत पोचले. खुद्द न्यूझीलंडनंही मधली वाट काढलेली आहेच. ठराविक काळ बाहेर खेळून परत यायचं. डॅन कार्टर 2008-09 मध्ये असाच फ्रान्समध्ये पर्पिन्याँला गेला होता. पाच सामन्यांत टाचेची शीर तुटली, तरी परतल्यावर देशानं त्याला घेतलंच.

मोउंगा गेल्यावर काय झालं? 2024 मध्ये क्रुसेडर्सनी चौदांपैकी चारच सामने जिंकले. बारा संघांत नववे. प्रशिक्षक स्कॉट रॉबर्टसनही त्याच सुमारास राष्ट्रीय संघाकडे गेले होते, त्यामुळे सगळं खापर एकाच्या माथ्यावर फोडता येणार नाही. तिकडे मोउंगाच्या क्लबानं 2024 आणि 2025 दोन्ही वर्षी जपानची स्पर्धा जिंकली. रॉबर्टसननी नियम सैल करायची गोष्ट काढली, बोर्ड बधलं नाही. आणि 2025 मध्ये क्रुसेडर्स त्याच्याशिवाय पुन्हा विजेते झाले. दहा नंबरचा शर्ट रिकामा राहिला नाही, एवढं नातवाला फोनवर सांगता आलं.

आता क्रिकेट. 1939-40 च्या हंगामात पुण्यात महाराष्ट्राकडून खेळताना एका सांगलीकरानं रणजी सामन्यात नाबाद 316 धावा केल्या. कुणाविरुद्ध? आपल्या बडोद्याविरुद्ध. त्यांचं नाव विजय हजारे. लवकरच तेच हजारे बडोद्याचे झाले. महाराजांच्या पदरी नोकरी, बडोद्याची टोपी. 1942-43 ला बडोद्यानं पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. आपल्याकडे अजून लोक अभिमानानं ‘आपले हजारे’ म्हणतात. पुण्या-सांगलीच्या लोकांना तेव्हा काय वाटलं असेल, हा विचार आम्ही तरी साठ वर्षांत एकदाही केला नव्हता. मंडईतल्या त्या बाईंसारखंच कुणी म्हणालं असेल, आम्ही वाढवला, बडोदं खाणार.

1947 मध्ये होळकर संघाविरुद्ध हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या जोडीसाठी 577 धावा केल्या. हजारे 288, गुल महंमद 319. तो जागतिक विक्रम 2006 पर्यंत टिकला. बडोद्याची ही सगळ्यांत मोठी भागीदारी सांगलीत जन्मलेल्या आणि लाहोरात जन्मलेल्या माणसांनी केली. गुल महंमद पुढं पाकिस्तानात गेले आणि 1956 मध्ये तिकडून एक कसोटीही खेळले. म्हणून त्या 319 धावा आपण पुसल्या नाहीत.

इथं बसलेल्या बहुतेकांचे आजे-पणजेही कोकणातून, देशावरून आले. कुणी गायकवाडी कचेरीत, कुणी शाळेत, कुणी कलाभवनात. त्यांच्या गावी कुणीतरी कुंपणावरून ‘आत्ता जातं का कुणी?’ म्हटलंच असेल.

हे सगळं आज का, ते तुम्हाला ठाऊक आहे. गेली नऊ वर्षं आपल्या आरतीला आणि नाट्यपदांना पेटीची साथ करणारा मुलगा पुढच्या महिन्यात कॅनडाला निघालाय. परवाच्या बैठकीत त्याच्याबद्दल जे बोललं गेलं, ते आम्हीही बोललो, हे आधी कबूल करतो. “मंडळानं तयार केला आणि आता चालला.” पेटी शिकवली त्याच्या आईनं. मंडळानं त्याला सतरंजी दिली, आणि ऐकायला माणसं. माणसं दिली हे खरंच, ते कमी नाही. पण त्याची पावती आपण वसूल करायला निघालो होतो.

आपल्या नियमावलीत ‘शहरात वास्तव्य असलेल्या सभासदांनाच’ असं एक कलम आहे. स्पर्धांना, नाटकाला, मैफिलीला, सगळ्याला ते लागू. ते कुणी आणि कधी घातलं, सापडलं नाही. स्थानिक मुलांना संधी मिळावी, हा हेतू चांगलाच असणार, आणि स्पर्धांपुरतं ते राहू दे. पण जो बाहेरगावाहून गणपतीत आठ दिवस रजा काढून येतो, त्यानं श्रोत्यांतच बसायचं? आमची सूचना एवढीच, की मैफिलीसाठी आणि नाटकासाठी ते कलम काढावं. कार्यकारिणीकडे लेखी अर्ज दिलाय, सहा सह्या आहेत, आणखी चालतील.

त्या मुलाच्या जागी यंदा सातवीतली एक मुलगी आरतीला बसतेय. काल तिचा एक सूर चुकला. त्यानं मागून वाकून तिला पट्टी दाखवली. आज रात्रीच्या आरतीला दोघंही आहेत. थोडं लवकर या.