दाखला आणि सोबत

(जयपूरच्या तिलक नगरात, शाळेच्या हीरक महोत्सवी माजी विद्यार्थी-पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



शाळेच्या साठ वर्षांच्या वाटचालीचा गौरव आज अनेकांनी केला. तो यथोचितच आहे. परंतु घरच्या मंगलकार्यात आपल्या उणिवाही आपल्या माणसांपाशी मोकळेपणाने सांगाव्यात, म्हणून मी माझी एक चूक आपणापुढे ठेवते.

काही वर्षांपूर्वी, जुलैमधील एका सकाळी, एक गृहस्थ नऊ-दहा वर्षांच्या मुलाचा हात धरून माझ्या कार्यालयात आले. सीमेपलीकडच्या सिंधमधून ते सहकुटुंब जयपुरात आले होते. घराजवळची शाळा म्हणून ते आपल्या फाटकातून आत आले. मुलाजवळ शाळा सोडल्याचा दाखला नव्हता आणि त्याला मराठी येत नव्हते. दोन्ही अडचणी मी अत्यंत सौजन्याने समजावून सांगितल्या. त्यांनी हात जोडले आणि ते निघून गेले. मी पुढच्या फाइलकडे वळले.

माध्यमाची अडचण खरी होती. दाखल्याची मात्र नव्हती. दाखला मिळण्यास विलंब झाला म्हणून मुलाचा प्रवेश अडवता येत नाही, असे २००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो. वयाचा पुरावा नसला तरी प्रवेश नाकारता येत नाही. हे त्या पित्याला सांगून, जवळच्या हिंदी माध्यमाच्या शाळेपर्यंत मी त्याच्यासोबत चालत गेले असते, तर माझा अर्धा तास गेला असता. तो मी दिला नाही.

पुढे कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचा इतिहास वाचताना तो मुलगा मला वारंवार आठवला. १९३९ च्या सप्टेंबरात पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीने आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशियाने आक्रमण केले. त्यानंतर पूर्व पोलंडमधील असंख्य कुटुंबांना मालगाड्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानात धाडण्यात आले. १९४१ मध्ये सुटकेचा करार झाला. उपासमारीने खंगलेली ही माणसे इराणमार्गे जगभर पांगली. जामनगरचे महाराज जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी १९४२ मध्ये बालाचडी येथे पोलिश मुलांना आश्रय दिला, आणि १९४३ मध्ये वळिवड्याची छावणी उभी राहिली. तेथे सुमारे पाच हजार जण राहिले. त्यांत बहुतांश स्त्रिया, मुले आणि वृद्ध होते.

छावणीत केवळ छप्पर नव्हते, हे मला शिक्षिका म्हणून महत्त्वाचे वाटते. तेथे पोलिश भाषेतील शाळा होत्या, दवाखाना होता, प्रार्थनामंदिर होते, नाटके होत असत. परक्या मुलखात आपली भाषा मुलांच्या ओठी राहावी म्हणून किती खटपट करावी लागते, हे जयपुरात मराठी शाळा चालवणाऱ्या आपणांस वेगळे सांगायला नको. १९४८ पर्यंत ही मंडळी तेथे राहिली. २०१९ मध्ये, वळिवड्यात बालपण घालवलेली काही वृद्ध माणसे कोल्हापूरला पुन्हा येऊन गेली.

पोलिश कुटुंबांच्या पाठोपाठ त्याच भूमीवर फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबे आली. आजचे गांधीनगर ते हेच. आणि आपल्या तिलक नगराला लागून असलेले आदर्श नगर आणि राजापार्क? फाळणीनंतर तेथेही सिंध-पंजाबातून आलेली माणसे वसली. आज आपण त्यांच्या दुकानांतून वह्या-कापड विकत घेतो आणि ही एकेकाळची निर्वासितांची वस्ती होती हे विसरून जातो.

काळाची गती पाहा. ज्या पूर्व पोलंडमधून वळिवड्याची अनेक कुटुंबे आली, त्याचा मोठा भाग आज पश्चिम युक्रेनमध्ये आहे. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, तेव्हा लक्षावधी माता मुलांसह पोलंडच्या दिशेने निघाल्या. सरकारी व्यवस्था सावरण्याच्या आतच सीमेवर सामान्य नागरिक उभे होते. कोणी गरम सूप आणले, कोणी मोटार, कोणी घरातील एक खोली रिकामी केली. प्शेमिश्लच्या रेल्वे स्थानकावर येणाऱ्या मातांसाठी अनोळखी स्त्रियांनी आपल्या बाबागाड्या फलाटावर ठेवल्या होत्या. युक्रेनमध्ये अडकलेल्या वीस हजारांहून अधिक भारतीयांना आपल्या सरकारने मायदेशी आणले. त्यांपैकी अनेक विद्यार्थी पोलंडच्याच वाटेने सुखरूप बाहेर पडले. वळिवड्याचे आणि बालाचडीचे ऋण असे ऐंशी वर्षांनी आपल्याच लेकरांच्या पदरी परत आले.

यावरून मी एवढेच शिकले की, आसरा देण्याचे काम राजेरजवाड्यांचे आणि सरकारांचे आहे, तसेच ते फलाटावर बाबागाडी ठेवणाऱ्या बाईचेही आहे. निराधार माणसाला पहिल्या दिवशी हवी असते ती सोबत. कोणत्या कार्यालयात जावे, अर्ज कसा भरावा, भाड्याच्या खोलीसाठी कोणाशी बोलावे, मुलाला कोणत्या शाळेत घालावे, हे सांगणारा आणि बरोबर येणारा एक माणूस.

आपल्यात वकील आहेत, डॉक्टर आहेत, बँकेतून निवृत्त झालेले आहेत, घरी मुलांचा अभ्यास घेणाऱ्या आया आहेत. म्हणून हीरक महोत्सवानिमित्त मी एक विनंती करते. दर शनिवारी दुपारी शाळेचा एक वर्ग उघडा राहील. या शहरात नव्याने आलेल्या कोणत्याही कुटुंबाने तेथे यावे. ते कोठून आले, त्यांचा धर्म कोणता, त्यांना मराठी येते का, हे आपण विचारणार नाही. त्यांना काय हवे, एवढेच विचारू आणि जमेल तेथवर त्यांच्यासोबत जाऊ. आपण महिन्यातून दोन तास द्यावेत.

त्या मुलाचा मी पुढे शोध घेतला. तो सापडला नाही. आता तो मिसरूड फुटण्याच्या वयाचा झाला असेल. तो शिकला असेल, अशी आशा मी करते. परंतु माझ्या त्या पाच मिनिटांची भरपाई आशेने होणार नाही.

सभागृहाबाहेर मेजावर एक वही ठेवली आहे. तिच्यात पहिले नाव मी माझे लिहिले आहे. खालच्या ओळी आपल्यासाठी मोकळ्या आहेत.