भोपाळचा वेढा आणि पडद्यावरचा बाजीराव
(भोपाळ येथील मराठी बांधवांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या नगरीत आज आपण एकत्र जमलो आहोत, त्याच नगरीस डिसेंबर १७३७ मध्ये मराठी फौजांचा वेढा पडला होता आणि आत निजामुल्मुल्क कोंडला गेला होता. मराठ्यांस नर्मदेपलीकडे हाकलून देण्याच्या कामगिरीवर दिल्लीच्या बादशहाने त्यास पाठविले होते. बाजीरावाने त्याची रसद तोडली. दक्षिणेकडून त्याचा पुत्र नासिरजंग याची कुमक येऊ नये म्हणून चिमाजी आप्पास तापीच्या बाजूस ठेवले. धान्य आणि वैरण यांवाचून निजामाची सेना हवालदिल झाली. तोफखान्याच्या आश्रयाने रोज थोडी थोडी वाट काटीत तो बाहेर पडला खरा, परंतु सुटका झाली नाही. अखेर ७ जानेवारी १७३८ रोजी येथून जवळच दोराहा येथे त्याने तह केला. संपूर्ण माळवा आणि नर्मदा व चंबळ यांमधील मुलुखावरील सत्ता मराठ्यांस द्यावी, तिला बादशहाची सनद मिळवून द्यावी आणि युद्धखर्चाच्या ५० लाख रुपयांसाठी खटपट करावी, असे त्याने मान्य केले.

हा प्रसंग किती मराठी घरांतील मुलांस ठाऊक आहे? बाजीरावाचे नाव मात्र ती सर्व जाणतात, आणि ते नाव उच्चारताच त्यांच्या डोळ्यांपुढे आरसेमहाल, रेशमी वस्त्रे आणि नृत्य उभे राहते. ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’ या १९७२ सालच्या कादंबरीवरून २०१५ साली निघालेल्या हिंदी चित्रपटात काशीबाई आणि मस्तानी यांना एकत्र नाचविले गेले व त्यावरून महाराष्ट्रात मोठा गदारोळ उठला. २०१७ साली दूरचित्रवाणीवरही बाजीरावाची हिंदी मालिका आली. गदारोळ शमला, मुलांच्या मनावरील चित्र मात्र कायम राहिले.

आम्ही प्रेमकथेचे वैरी नाही. दिवसभर राबलेल्या माणसाने रात्री घटकाभर दुसऱ्या काळात रमावे, यात गैर ते काय? कादंबरीकारास व नाटककारास कल्पनेचे स्वातंत्र्य असलेच पाहिजे. दोन माणसे एकांतात काय बोलली याचा कागद कोणत्याही दप्तरात सापडत नाही. ते लेखकानेच रचावयाचे असते. परंतु कागदाने जेथे मौन धरले आहे तेथे कल्पनेने बोलणे निराळे, आणि कागद स्पष्ट बोलत असता त्याचे तोंड दाबणे निराळे. आमचा वाद आहे तो या दुसऱ्या प्रकाराशी.

भोपाळच्या वेढ्याचेच पाहा. कोंडीत सापडलेल्या निजामाचा समूळ नाश का केला नाही, याचा खुलासा बाजीरावाने चिमाजी आप्पास लिहिलेल्या पत्रात केला आहे. निजामाचा तोफखाना भारी आहे, बुंदेले व राजपूत त्याच्या बाजूस आहेत, म्हणून मिळू शकल्या असत्या त्याहून सौम्य अटी आपण मान्य केल्या, असे तो कळवितो. विजय हाती असताना स्वतःच्या बळाची सीमा ओळखणारा हा पुरुष आहे! याहून नाट्यमय काय असू शकते? परंतु मालिकेचे गणित वेगळे. मालिका रोज चालवावयाची, रोजचा भाग उत्कंठेच्या टोकावर तोडावयाचा, आणि खर्च आवरावयाचा म्हणून तीच ती दोन-चार दालने पुनःपुन्हा दाखवावयाची. रसद, वैरण, घोडदौड आणि खलिते यांस त्यात जागा कोठली? दालनात मावतो तो सासू-सुनांचा कलह, आणि मग तोच इतिहास होऊन बसतो.

हे अपरिहार्य आहे असे मात्र कोणी म्हणू नये. रणजित देसाईंच्या १९६२ सालच्या ‘स्वामी’वरून १९८७ साली दूरदर्शनने मराठी मालिका केली. तीत माधवराव आणि रमाबाई यांचे प्रेम होतेच. पण त्या प्रेमाने राघोबादादाचा गृहकलह, रामशास्त्र्यांची निःस्पृहता आणि राज्याची घडी बसविण्याची धडपड यांस पडद्याआड ढकलले नाही. १९८८ साली श्याम बेनेगलांनी ‘भारत एक खोज’च्या त्रेपन्न भागांत सबंध देशाचा इतिहास मांडला. साधने आजच्याहून तोकडी होती. दृष्टी तोकडी नव्हती.

‘ही कथा काल्पनिक आहे’ अशी पाटी आरंभी लावली की भागले, असा युक्तिवाद केला जातो. इंग्लंडातही हाच वाद झाला. राजघराण्यावरील ‘द क्राउन’ या मालिकेस अशी सूचना जोडावी, असे २०२० साली तेथील सांस्कृतिक खात्याच्या मंत्र्यांनी सुचविले. निर्मात्यांनी ते नाकारले. आमच्या मते पाटी लावली काय अन् न लावली काय, तिने फारसे साधत नाही. पाटी क्षणात सरते, चित्र जन्मभर राहते.

आणि या पलायनवादाने ज्या मस्तानीचे कौतुक मांडले, तिच्यावर तरी न्याय केला काय? २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे बाजीराव वारला, पाठोपाठ मस्तानी गेली, आणि तेथेच प्रेमकथेचा पडदा पडतो. परंतु तिचा पुत्र समशेर बहादूर १७६१ साली पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढला आणि त्या रणातील जखमांनी मेला. त्याचा पुत्र अली बहादूर याने बुंदेलखंडात बांद्याचे राज्य उभारले, आणि त्याच वंशातील दुसरा अली बहादूर १८५७ साली इंग्रजांविरुद्ध उठला. ज्या घराण्याने तिला सुखाने नांदू दिले नाही, त्याच्याच निशाणाखाली तिच्या मुलाने प्राण वेचले. ही हकीकत कोणत्याही नृत्याहून हृदय हेलावणारी आहे. पण ती सांगावयाची तर प्रेमिकांपलीकडे पाहावे लागते.

सरदेसायांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड १९३० ते १९३४ या काळात प्रसिद्ध केले. राजवाड्यांनी तर गावोगाव पायपीट करून दप्तरे गोळा केली. हे कष्ट केवळ पंडितांसाठी नव्हते. म्हणून निर्मात्यांस आमचे सांगणे इतकेच की, मालिका लिहिण्यापूर्वी हे खंड उघडा, आणि भागाच्या शेवटी कोणता प्रसंग कागदावरचा व कोणता कल्पनेचा हे दोन ओळींत सांगा. आपणां प्रेक्षकांसही एक विनंती आहे. मुलांबरोबर मालिका अवश्य पाहा, परंतु ती संपल्यावर त्यांस एकदा दोराह्यास घेऊन जा. माळव्याचे भवितव्य ठरविणारा तह जेथे झाला, ती जागा येथून फार दूर नाही.