शेषाचा फणा आणि जपानचा मासा

शेषाच्या मस्तकावर पृथ्वी तोललेली आहे, त्यानें फणा हालविला कीं धरणीकंप होतो, ही गोष्ट महाराष्ट्रांतील कोणत्या आजीनें नातवंडांस सांगितली नाहीं? जपानांतील आजीच्या गोष्टींत शेष नाहीं. तेथें भूमीच्या पोटांत नामाझू नांवाचा, लांब मिशांचा एक प्रचंड मासा असतो. काशिमा येथील देवानें त्याला शिळेखालीं दाबून धरलें आहे. देवाचें अवधान सुटलें कीं मासा उसळतो. १८५५ सालीं एदो नगरांत, म्हणजे आजच्या तोक्योंत, मोठा भूकंप झाला तो जुन्या पंचांगाच्या दहाव्या महिन्यांत. त्या महिन्यांत सारे देव इझुमोच्या क्षेत्रीं जमतात, अशी तेथील समजूत. तेव्हां देव परगांवीं गेला आणि माशाचें फावलें, असें लोक म्हणूं लागले. लागलीच त्या माशाचीं चित्रें छापून शहरभर विकलीं गेलीं. कांहीं चित्रांत तर सुतार आणि गवंडी माशाचे आभार मानीत आहेत. कारण पडझडीमुळें त्यांच्या धंद्यास तेजी आली होती!

येथवर दोन्ही देशांच्या कथा सख्ख्या बहिणी शोभतात. परंतु जपानांत आणखी एक कथा घरोघर ठाऊक आहे. १८५४ सालीं किई प्रांतांतील हिरो या समुद्रकांठच्या गांवीं भूकंपापाठोपाठ समुद्राची लाट चढून आली. अंधारांत लोकांस वाट दिसेना. तेव्हां हामागुची गोर्यो नांवाच्या गृहस्थानें भाताच्या पेंढ्यांच्या गंजी पेटवून दिल्या, आणि त्या उजेडाच्या रोखानें गांवकरी उंचावरील देवळाकडे धांवले. लाफ्काडिओ हर्न या लेखकानें १८९७ सालीं ती कथा इंग्रजींत सांगितली, तेव्हां नायक म्हातारा झाला आणि पेंढ्याच्या जागीं कापून रचलेलें पीक आलें. पुढें १९३७ पासून दहा वर्षें ती शाळेच्या क्रमिक पुस्तकांतही होती.

कथेनें जें सांगितलें नाहीं तें अधिक मोलाचें आहे. संकट ओसरल्यावर गोर्योनें पदरमोड करून समुद्रकांठीं सुमारें सहाशें मीटर लांबीचा बांध घातला. त्या कामावर उघडे पडलेले गांवकरी मजुरीस लागले आणि गांव उठून जाण्याचें टळलें. १९४६ सालीं पुन्हां लाट आली, तेव्हां गांवाचा बराच भाग त्या बांधानें वांचला. आजही त्या गांवीं नोव्हेंबरांत उत्सव होतो आणि शाळेचीं मुलें बांधावर माती वाहून टाकतात.

जपानी लोकांचे स्मरणदिनही याच वळणाचे आहेत. १ सप्टेंबर १९२३ रोजीं, ऐन जेवणाच्या वेळीं, तोक्यो व योकोहामा हादरलीं; चुलींची आग पसरली आणि लाखाच्या वर माणसें दगावलीं. १९६० पासून तो दिवस आपत्तिनिवारणाचा दिन म्हणून पाळला जातो. त्या सुमारास देशभर सराव चालतात. वर्गांत मुलें मेजाखालीं शिरून डोकें सांभाळण्याचें शिकतात. २०११ च्या महाभयंकर लाटेनंतर ५ नोव्हेंबर हा दुसरा दिवस ठरला. तो गोर्योच्या कथेचा दिवस होय. जुन्या पंचांगांतील अकराव्या महिन्याची पांचवी तिथि नव्या दिनदर्शिकेंत तशीच आणून बसविलेली. २०१५ सालीं संयुक्त राष्ट्रसंघानेंही तोच दिवस साऱ्या जगासाठीं स्वीकारला.

धाराशिव जिल्ह्यास या गोष्टी परक्या वाटूं नयेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजण्यास कांहीं मिनिटें असतांना, गणेशविसर्जन करून निजलेलीं गांवें जमीनदोस्त झालीं. लातूर जिल्ह्यांतील किल्लारीचें नांव सर्वतोमुखीं झालें. परंतु आज लोहारा तालुक्यांत असलेल्या सास्तूर, होळी या गांवांवरही तोच घाला पडला. दोन्ही जिल्ह्यांत हजारों माणसें गेलीं. भूकंपाची घटका आधीं सांगणें शास्त्रास आजही साधलेलें नाहीं. पण माणसें मारलीं तीं मुख्यतः घरांनीं. मातींत रचलेल्या गोट्यांच्या जाड भिंती, आंतबाहेरचे थर बांधून ठेवणारा आरपार दगड नाहीं, आणि वर मातीच्या माळवदाचें ओझें. उन्हाळ्यांत सुख देणारें तेंच घर त्या पहाटे वैरी झालें.

ज्यांनीं ती पहाट पाहिली तीं माणसें आज आजी-आजोबा झालीं आहेत. त्यांच्या नातवंडांना तो दिवस केवळ सनावळींतील एक ओळ आहे. दरवर्षीं मृतांस फुलें वाहिलीं जावींत, तें योग्यच. पण त्याच दिवशीं आजोबांनीं नातवाचा हात धरून घराच्या भिंतीपाशीं न्यावें, हा दगड आरपार कां गेला पाहिजे तें दाखवावें, पळावयाचें झाल्यास कोठें पळावें तें सांगावें. शेषाची गोष्ट रात्रीं सांगावीच. दिवसा मात्र ही सांगावी.