मधुमेही रुग्णांच्या गोडाविषयी



शहापूर-मुरबाडच्या खेड्यांतून रुग्णाच्या भेटीस येणारी मंडळी अलीकडे नारळासोबत प्रोटीन पावडरचा डबाही आणतात. भावना आदरणीय; तथापि काही डब्यांत साखर असते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार-मार्गदर्शिकेत अशा पावडरी टाळाव्यात असाच सल्ला आहे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांच्या अनुमतीविना त्या देऊच नयेत.

नाचणीच्या लाडवाबाबतही गैरसमज आढळतो. नाचणी गुणकारी खरीच, परंतु १०० ग्रॅममध्ये सुमारे ६७ ग्रॅम कर्बोदके, आणि वर गूळ! त्यापेक्षा दह्याच्या चक्क्यात भाजलेल्या शेंगदाण्यांचे कूट व वेलची फेटावी. शेंगदाण्यांत प्रथिने सुमारे २४ टक्के असतात. डॉक्टरांनी पावडर सांगितलीच, तर बिनसाखरेची घेऊन ह्याच चक्क्यात मिसळावी. उकळत्या दुधात तिच्या गुठळ्या होतात. मात्र इन्शुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता भात-भाकरी एकाएकी सोडू नये. रक्तातील साखर घसरून प्रसंग जिवावर बेततो.

एका डब्याच्या किमतीत कित्येक किलो शेंगदाणे येतात. देणगीदारांनी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरास तेच द्यावेत, अशी नम्र विनंती आहे.