होडीतून पाहूया रोहित पक्षी



आफ्रिकेतल्या चोबे नदीत लोक होडीत बसून हत्ती आणि पाणघोडे पाहतात.
राहनाळकरांनो, होडीतून वन्यजीव पाहायला आपल्याला एवढं लांब जायला नको.

काल्हेर, कशेळीमार्गे ठाणं गाठायचं.
तिथून पुढे ऐरोली.
ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून ठाणे खाडीत होडी निघते.

या खाडीचा काही भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला.
२०२२ साली खाडीला रामसर या आंतरराष्ट्रीय कराराखालची पाणथळ जागा म्हणून जागतिक मान मिळाला.

फ्लेमिंगो, म्हणजे आपला रोहित पक्षी.
हिवाळा ते उन्हाळा त्यांचे हजारोंचे थवे इथे उतरतात.

होडी जवळ गेली, की त्यांचं खाणं नीट बघा.
रोहित मान खाली घालतो.
चोच उलटी करून पाण्यात बुडवतो.
जिभेने पाणी आत ओढतो, बाहेर टाकतो.
चोचीच्या कडा चाळणीसारख्या असतात.
शेवाळ आणि बारीक जीव आत अडकतात.
त्या खाद्यातूनच पिसांना गुलाबी रंग येतो.

आता महत्त्वाची गोष्ट.
होडीची वेळ भरती-ओहोटीवर ठरते.
ओहोटीला चिखल उघडा पडतो, तिथे पक्षी चरतात.
पण पाणी फार उतरलं, तर होडी चालत नाही.
म्हणून, आधी वेळ विचारा, मगच निघा.

होडीत मोठ्याने बोलू नका.
थवा उडवण्याचा हट्ट धरू नका.
प्लॅस्टिकचा कचरा खाडीत टाकू नका.

पुन्हा सांगते, भरती-ओहोटीची वेळ विचारून निघा.
आणि मुलांना जरूर सोबत न्या.
आपली खाडी त्यांनी पाहिली, तरच ती तिला जपतील.