टॉय बुक

इंग्रजी बालपुस्तकांच्या जुन्या याद्यांमध्ये ‘टॉय बुक’ हा शब्द वारंवार भेटतो. आज या नावानं दुकानात मिळतात ती पान उघडताच चित्र उभं राहणारी, पट्टी ओढली की हलणारी पुस्तकं. एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये मात्र कागदी वेष्टनातल्या, मोजक्या पानांच्या, रंगीत चित्रांनी भरलेल्या पातळ पुस्तिकेला टॉय बुक म्हणत. किंमत सहसा सहा पेन्स किंवा एक शिलिंग. ‘टॉय’चा जुना अर्थ ‘किरकोळ वस्तू’ असाही होता, म्हणून हे नाव त्या स्वस्त पुस्तिकांना शोभलं.

पण या किरकोळ मालावर घेतलेली मेहनत पाहा! मुद्रक एडमंड इव्हान्स लाकडी ठशांवरून रंगीत छपाई करत. प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा, आणि सगळे ठसे कागदावर नेमके जुळायला हवेत. स्वस्त पुस्तकही देखणं असलंच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता आणि भरपूर प्रती काढल्या तर ते परवडतं, हा हिशेबही. वॉल्टर क्रेन यांच्याकडून त्यांनी चित्रं करून घेतली. मग 1878 मध्ये रँडॉल्फ कॉल्डिकॉट यांची पहिली दोन पुस्तकं निघाली.

कॉल्डिकॉट पूर्वी मँचेस्टरच्या बँकेत कारकून होते. त्यांनी सोळा टॉय बुकं केली. त्यांतल्या एका बडबडगीतात बशी चमच्याबरोबर पळून जाते आणि गीत तिथंच संपतं. कॉल्डिकॉट थांबत नाहीत. पुढच्या चित्रात बशी फुटून पडली आहे आणि काटा नि सुरी चमच्याला घेऊन चालले आहेत. गीतात याबद्दल अवाक्षर नाही! जे शब्दांनी सांगितलं नाही ते चित्रानं सांगायचं, ही रीत त्यांनी रुजवली. आधुनिक चित्रपुस्तकाचा जन्म मी इथंच मानते.

चाळिशी गाठण्याआधीच, 1886 मध्ये, कॉल्डिकॉट वारले. अमेरिकन ग्रंथालय संघटना 1938 पासून चित्रपुस्तकासाठी त्यांच्या नावाचं पदक देते. त्यावर त्यांच्याच टॉय बुकातला, घोड्यावरचा जॉन गिल्पिन कोरलेला आहे. एकोणिसाव्या शतकातल्या लेखनाचं भाषांतर करताना ‘टॉय बुक’ हा शब्द आला, तर कृपा करून ‘खेळण्याचं पुस्तक’ असं लिहू नका. ‘चित्रपुस्तिका’ लिहा.