दऱ्यांचा दर्या होऊ नये म्हणून: एक छोटं एक्स्टेन्शन

आजचा विषय आहे कोड एडिटरचं एक्स्टेन्शन बांधणं आणि तपासणं. उदाहरण मात्र आपल्याच भागातलं घेतलंय.

जुन्नर तालुक्यात आंबोलीजवळ दाऱ्या घाट आहे. हे नाव कॉम्प्युटरवर तीन प्रकारे लिहिलेलं असू शकतं आणि पडद्यावर तिन्ही सारखीच दिसतात. एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर असतं. दुसऱ्यात साधा 'र' आणि त्याला नुक्ता. तिसऱ्यात साधा 'र', मग हलन्त, मग झिरो विड्थ जॉइनर, म्हणजे न दिसणारा जोडक. पहिल्या प्रकारात 'दाऱ्या' ६ चिन्हांचा होतो, बाकी दोन्हींत ७. आता शेतकऱ्यांची किंवा गावांची यादी घ्या. एका प्रकारे शोधलं, तर दुसऱ्या प्रकारे लिहिलेलं नाव साध्या शोधात सापडत नाही. माणूस यादीत असतो, पण कॉम्प्युटरच्या लेखी नसतो!

यावर दोन सोपे उपाय सांगितले जातात. पहिला, युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन. त्यानं नुक्त्याचा प्रकार सुधारतो, जोडकाचा तसाच राहतो. दुसरा उपाय, न दिसणारी सगळी चिन्हं पुसून टाकणं. हा तर घातकच. जोडक गेला की 'दऱ्या'चं 'दर्या' होतं. जुन्नरच्या दऱ्याखोऱ्यांत एकदम समुद्र!

म्हणून व्हीएस कोडसाठी मी एक्स्टेन्शन बांधलं, ते एकच काम करतं. 'र', हलन्त आणि जोडक हा क्रम दिसला की खाली नागमोडी रेघ ओढतं आणि दिव्यावर क्लिक केल्यावर तिथे 'ऱ' आणि हलन्त घालतं. नुक्त्याचंही तसंच.

मांडणी सोपी आहे. नोड जेएस टाका, 'यो कोड' हा जनरेटर चालवा, टाइपस्क्रिप्ट निवडा. सांगाडा तयार मिळतो. पॅकेज डॉट जेसनमध्ये एक्स्टेन्शन कधी जागं व्हायचं ते लिहा. एफ-५ दाबलं की एडिटरची दुसरी खिडकी उघडते, तिथे ते चालवून बघा.

आता महत्त्वाचं. शोधण्याचा नियम वेगळ्या फंक्शनमध्ये ठेवा, त्यात एडिटरचा काही संबंध नको. मग त्याच्या चाचण्या एडिटर न उघडता क्षणात होतात. रेघ योग्य जागी येते का, एवढंच खऱ्या एडिटरमध्ये तपासा.

आणि चाचण्या दोन्ही बाजूंच्या लिहा. 'दाऱ्या', 'कुऱ्हाड', 'शेतकऱ्यांना' तिन्ही प्रकारांत द्या: चुकीच्या दोन्हींवर इशारा यायलाच हवा, बरोबर प्रकारावर नको. मग 'दर्या', 'सूर्याला' द्या: इशारा येता कामा नये. 'आचाऱ्याला' म्हणजे स्वयंपाक्याला आणि 'आचार्याला' म्हणजे गुरूला, हे दोघे एक झाले तर चाचणी नापास. जोडक इमोजीतही असतो, तोही एक नमुना ठेवा. त्याला हात लागला तर नियम फार सैल आहे असं समजा.

शेवटी व्हीएससीई वापरून व्हीएसआयएक्स फाइल बनवा. ती पेन ड्राइव्हवरूनही दुसऱ्याच्या एडिटरमध्ये बसवता येते, इंटरनेट लागत नाही.

माझं सांगणं एवढंच: कोड लिहिण्याआधी तुमच्या गावची दहा नावं चाचणीत लिहा. नियम त्यांच्यावरूनच ठरतो. भेटू पुढच्या भागात.